महाविद्यालयाचे विश्वस्त मतदार निवडतात तेव्हा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सम वर्षी नोव्हेंबर महिन्यात, पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी सार्वत्रिक मतदान होते. कॅलिफोर्निया राज्यातील मतदाराच्या घरी त्यापूर्वी सुमारे महिनाभर टपालाने मतपत्रिका येऊन पडते. ती चांगली लांबलचक असते. राष्ट्राध्यक्षपदाचे वर्ष असेल तर ते पद, केंद्रीय व राज्य विधिमंडळांचे सदस्य, न्यायाधीश, नगर परिषद, शाळा मंडळ, पाणीपुरवठा मंडळ अशी पदांची रांग तीत लागलेली असते. या रांगेत कोठे तरी स्थानिक ‘कम्युनिटी कॉलेज’च्या विश्वस्त मंडळाच्या जागा असतात. पुष्कळ मतदार तेथवर येईतो कंटाळतात आणि तेवढा रकाना कोराच ठेवून मतपत्रिका परत धाडतात. या दुर्लक्षित रकान्याचा व त्यात आपले नाव यावे म्हणून खटपट करणाऱ्या उमेदवारांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाविद्यालयाचे कारभारी मतदारांनी थेट निवडावेत ही कल्पना आपल्याकडील वाचकांस काहीशी नवलाची वाटेल. आपल्याकडे महाविद्यालय शासनाचे तरी असते किंवा एखाद्या शिक्षण संस्थेचे. संस्थेत निवडणूक झालीच तर ती सभासदांपुरती. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या २०१६ च्या अधिनियमानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडून देतात. परंतु तेथे मतदार पदवीधर असावा लागतो. कॅलिफोर्नियात मात्र ज्याने महाविद्यालयाची पायरीही चढलेली नाही अशा दुकानदारास, मजुरास वा गृहिणीसही हे मत आहे, आणि उमेदवारीही आहे. अट इतकीच की, व्यक्ती नागरिक असावी, १८ वर्षांची असावी, त्या क्षेत्रात राहणारी असावी आणि तिचे नाव मतदारयादीत असावे. पंचायतीचे किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या व्यवस्थेतील जमेची बाजू व तिची दुखणी दोन्ही लवकर ओळखू येतील.

शाळेच्या पोटातून जन्मलेले महाविद्यालय

कम्युनिटी कॉलेज, म्हणजे सामुदायिक महाविद्यालय, हे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे महाविद्यालय होय. पदवीची पहिली दोन वर्षे येथे स्वस्तात पुरी करून विद्यार्थी पुढे विद्यापीठात जाऊ शकतो. तद्वतच परिचारिका, मोटार दुरुस्ती, जोडकाम, अग्निशमन, हिशेबनीस अशा व्यवसायांचे शिक्षण, आणि परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांसाठी इंग्रजीचे वर्गही येथे चालतात. दिवसा नोकरी करून रात्री शिकणारी चाळिशीतील माणसे आणि शाळेत असतानाच महाविद्यालयाचा एखादा विषय घेणारी मुले एकाच बाकावर बसलेली येथे आढळतात.

अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये निघाले. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून माध्यमिक शाळांना शालान्त वर्गापुढील शिक्षण देण्याची मुभा दिली आणि तिचा लाभ घेऊन १९१० मध्ये फ्रेझ्नो येथील शाळेने राज्यातील पहिले ‘ज्युनिअर कॉलेज’ सुरू केले. १९२१ च्या कायद्याने या महाविद्यालयांसाठी स्वतंत्र स्थानिक जिल्हे स्थापन करण्याची वाट मोकळी झाली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, विश्वस्त मंडळाच्या निवडणुकीचे मूळ त्यात आहे. अमेरिकेत शाळा चालविणारी मंडळे लोकनियुक्त असतात. महाविद्यालय शाळेच्या पोटातून जन्मले, आणि निवडणुकीची रीत त्याला तेथूनच वारशाने मिळाली. इतर राज्यांनी सरसकट हीच वाट धरली असे मात्र नाही. टेक्सास, इलिनॉय, मिशिगन या राज्यांत मतदार विश्वस्त निवडतात. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात विश्वस्तांच्या नेमणुकीचा अधिकार मुख्यतः राज्यपालाकडे आहे.

१९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची बृहत् योजना आखली. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशांस कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांस राज्य विद्यापीठ, आणि शिकून लाभ घेऊ शकेल अशा कोणाही प्रौढास सामुदायिक महाविद्यालय, अशी ती वाटणी होती. आज राज्यात अशी ११६ महाविद्यालये असून त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात आहे. १९८४ पर्यंत तेथे शिक्षण शुल्क नव्हते. आज ते प्रति श्रेयांक ४६ डॉलर आहे आणि गरजू विद्यार्थ्यांना त्यातूनही माफी मिळते.

वीस हजारांचा जिल्हा, पन्नास लाखांचा जिल्हा

या महाविद्यालयांचे ७३ जिल्हे आहेत. हा जिल्हा म्हणजे आपल्या महसुली जिल्ह्यासारखा नव्हे. केवळ महाविद्यालयाच्या कारभारासाठी आखलेले ते क्षेत्र असते. त्यांपैकी ७२ जिल्ह्यांना लोकनियुक्त विश्वस्त मंडळ आहे. त्र्याहत्तरावे, २०१८ च्या कायद्याने निघालेले ‘कॅलब्राइट’ हे दूरस्थ महाविद्यालय, राज्यस्तरीय मंडळाच्याच अखत्यारीत ठेवण्यात आले.

सर्वसाधारणपणे मंडळात पाच किंवा सात विश्वस्त असतात. मुदत चार वर्षांची. दर दोन वर्षांनी जवळजवळ निम्म्या जागांची निवडणूक होते, त्यामुळे सारे मंडळ एकदम नवखे होत नाही. १९७७ च्या कायद्याने विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधीही मंडळात बसू लागला. तो चर्चेत भाग घेतो, परंतु त्याचे मत सल्लावजा धरले जाते.

जिल्ह्याजिल्ह्यांत किती अंतर आहे पाहा. डोंगराळ प्लुमास परगण्यातील फेदर रिव्हर महाविद्यालयाच्या जिल्ह्याची लोकवस्ती वीस हजारांच्या आसपास आहे. तेथे विश्वस्त किराणा दुकानात भेटतो आणि वसतिगृहाची तक्रार तेथेच त्याच्या कानावर जाते. याच्या उलट लॉस एंजेलिस जिल्ह्यात नऊ महाविद्यालये आणि पन्नास लाखांहून अधिक वस्ती. त्याच्या सात जागांपैकी प्रत्येक जागेसाठी २०२४ च्या निवडणुकीपर्यंत संपूर्ण जिल्ह्यातील मतदार मत देत आले आहेत. महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघही याच्यापुढे लहान ठरेल. अशा जिल्ह्यात दारोदार हिंडून उमेदवारी करणे अशक्यच.

हा लॉस एंजेलिस जिल्हा १९६९ मध्ये शहराच्या शाळा मंडळापासून वेगळा झाला आणि त्याच्या पहिल्या सात जागांसाठी शंभराहून अधिक उमेदवार उभे राहिले. त्या गर्दीत पहिला आला एक एकतीस वर्षांचा वकील, जेरी ब्राउन. त्याचे वडील पॅट ब्राउन राज्याचे माजी राज्यपाल असल्याने नाव मतदारांच्या ओळखीचे होते, हे उघडच आहे. पुढील वर्षी तो राज्याचा सचिव म्हणून निवडून आला, १९७५ मध्ये राज्यपाल झाला आणि २०११ ते २०१९ या काळात पुन्हा राज्यपालपदी राहिला. विश्वस्तपद हे राजकारणाची पहिली पायरी ठरते अशी जी टीका तेथे होते तिला हे उदाहरण नेहमी पुरविले जाते. ज्याच्या राजकीय जीवनाचा आरंभ लोकनियुक्त महाविद्यालय मंडळातून झाला त्याच्याच कारकीर्दीत निवडणुकीवाचून चालणारे कॅलब्राइट निघाले, ही गंमतही येथे नमूद करावयास हरकत नाही.

संपूर्ण जिल्ह्याने प्रत्येक विश्वस्त निवडण्याच्या पद्धतीत अल्पसंख्य वस्तीचा उमेदवार मागे पडतो, ही तक्रार जुनी आहे. राज्याने २००२ मध्ये मतदान हक्कांचा कायदा केला आणि ज्या संस्थांच्या सार्वत्रिक पद्धतीमुळे अशा गटांचे मत निष्प्रभ होते त्यांना न्यायालयात खेचता येऊ लागले. परिणामी अनेक जिल्ह्यांनी आपल्या प्रभागांसारखी लहान क्षेत्रे पाडली. क्षेत्र लहान झाले की प्रचाराचा खर्चही उतरतो, हा त्याचा दुसरा लाभ.

अर्ज भरणे

निवडणुकीपूर्वी ११३ व्या दिवसापासून ८८ व्या दिवसापर्यंत, म्हणजे साधारणतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत, परगण्याच्या निवडणूक कार्यालयात अर्ज स्वीकारले जातात. विद्यमान विश्वस्ताने अर्ज भरला नाही तर इतरांसाठी मुदत पाच दिवसांनी वाढते. ही तरतूद मार्मिक आहे. जुना सदस्य शेवटच्या दिवशी गुपचूप माघार घेऊन आपल्या मर्जीतील माणसास मोकळे रान करून देईल, ही शक्यता तिच्यामुळे टळते.

हे पद पक्षातीत मानलेले आहे. उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव छापले जात नाही, चिन्हही नसते. त्याऐवजी त्याचा व्यवसाय जास्तीत जास्त तीन शब्दांत छापतात. ‘निवृत्त परिचारिका’, ‘लघुउद्योजक’, ‘शिक्षक’, यांपैकी काय लिहावे यावर उमेदवार बराच विचार करतात, कारण अनेक मतदारांना त्याच्याविषयी तेवढीच माहिती मिळते. नावांचा क्रमही वर्णानुक्रमे नसतो. राज्याचा सचिव अक्षरांची सोडत काढतो व त्या क्रमाने नावे छापली जातात. वर असलेल्या नावाला आयती मते पडतात हा अनुभव त्यामागे आहे.

प्रत्येक मतदारास निवडणुकीपूर्वी एक माहितीपुस्तिका मिळते. तीत उमेदवाराला आपले निवेदन छापता येते. मर्यादा दोनशे शब्दांची. मंडळाने ठरविल्यास चारशे. निवेदनात पक्षाचा उल्लेख चालत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याविषयी लिहिण्यास मनाई आहे; स्वतःचे शिक्षण, अनुभव व पात्रता एवढेच लिहावयाचे. निवेदने छपाईपूर्वी दहा दिवस जनतेच्या पाहणीसाठी खुली ठेवतात व असत्य विधानास न्यायालयात हरकत घेता येते. मात्र छपाईचा खर्च बहुधा उमेदवाराकडूनच घेतला जातो. लहान जिल्ह्यात तो सोसण्याजोगा असतो. मोठ्या जिल्ह्यात हजारो डॉलरांच्या घरात जातो. आपल्याकडील अनामत रकमेची पद्धत तेथे नाही, पण दोनशे शब्दांची ही किंमत एखाद्या शिक्षिकेला वा परिचारिकेला अनामत रकमेहून जड जाऊ शकते.

जागेइतकेच अर्ज आले तर मतदान घेतले जात नाही. उमेदवार बिनविरोध विश्वस्त होतात. ग्रामीण जिल्ह्यांत हे नित्याचे आहे. आपल्याकडे बिनविरोध निवडीचे गावोगाव स्वागत होते. तेथील जाणत्यांना मात्र ते उदासीनतेचे लक्षण वाटते. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर उरलेले विश्वस्त तात्पुरती नेमणूक करू शकतात. परंतु ठरावीक प्रमाणात नोंदणीकृत मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर ती नेमणूक रद्द होऊन निवडणूक घ्यावी लागते.

जिल्ह्याच्या महाविद्यालयातील नोकर विश्वस्त म्हणून निवडून येऊ शकतो, पण शपथ घेण्यापूर्वी त्याला नोकरी सोडावी लागते. उमेदवाराने आपली मिळकत व गुंतवणूक जाहीर करावयाची असते. पुढे विश्वस्त झाल्यावर ज्या करारात त्याचा आर्थिक हितसंबंध आहे असा करार मंडळाने करणे कायद्याने निषिद्ध आहे.

पैसा कोठून येतो

उमेदवाराने किती खर्च करावा यावर बंधन नाही. निवडणूक खर्चावर मर्यादा घालणे हे भाषणस्वातंत्र्याशी विसंगत आहे असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. तो अजून लागू आहे. देणगीदारांची नावे व रकमा मात्र ठरल्या वेळी जाहीर कराव्या लागतात आणि त्या कोणासही पाहता येतात.

मोठ्या जिल्ह्यांत या याद्या चाळल्या तर दोन प्रकारची नावे पुनःपुन्हा आढळतात : प्राध्यापक व कर्मचारी यांच्या संघटना, आणि इमारतींच्या कामाशी संबंधित कंत्राटदार, वास्तुविशारद व बांधकाम कामगार संघटना. वेतनाचा करार मंजूर करणारे विश्वस्त मंडळच. बांधकामाची कंत्राटे देणारेही तेच. ज्या निवडणुकीकडे सर्वसामान्य मतदार पाहत नाही, तिच्याकडे ज्यांचा रोजगार तिच्यावर अवलंबून आहे त्यांचे लक्ष असणारच. यात बेकायदेशीर काही नाही. संघटनांचे म्हणणे असे की, महाविद्यालय आतून ओळखणारे आम्हीच असल्याने योग्य माणसाला पाठिंबा देण्याचा आम्हांस अधिक अधिकार आहे, आणि या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु वाटाघाटीच्या मेजाच्या दोन्ही बाजूंना एकाच गोटाची माणसे बसली तर करदात्याच्या बाजूने कोण बोलणार, हा प्रश्न उरतोच.

एकट्या विश्वस्ताच्या हाती काय असते

निवडून आलेला उमेदवार डिसेंबर महिन्यात शपथ घेतो. प्रचारात त्याने विद्यार्थ्यांसाठी वाहनतळ, नवे परिचारिका वर्ग, स्वस्त पुस्तके अशी आश्वासने दिलेली असतात. मंडळात बसल्यावर त्याला पहिली गोष्ट कळते ती ही की, एकट्या विश्वस्ताला कसलाही अधिकार नाही. तो प्राचार्यास आदेश देऊ शकत नाही, शिक्षकाची बदली सुचवू शकत नाही, लिपिकाकडून कागद मागवू शकत नाही. अधिकार मंडळाला आहे, आणि तोही रीतसर बोलाविलेल्या सभेत बहुमताने ठराव झाला तरच. सरपंचाला किंवा सभापतीला भेटून काम करवून घेण्याची सवय असलेल्या माणसास ही व्यवस्था अडचणीची वाटेल.

मंडळाची प्रमुख कामे मोजकी आहेत. मुख्य प्रशासकाची निवड करणे, त्याच्या कामाचे मूल्यमापन करणे व प्रसंगी त्याला दूर करणे, अर्थसंकल्प मंजूर करणे, धोरणे ठरविणे, कामगार करारांना व कंत्राटांना संमती देणे. शुल्क ठरविण्याचा अधिकार मंडळाला नाही. तो राज्य विधिमंडळाचा आहे. अभ्यासक्रम, श्रेणी, पदविकेच्या अटी अशा शैक्षणिक बाबींत १९८८ च्या सुधारणा कायद्यानुसार मंडळाने प्राध्यापकांच्या विद्वत्सभेशी विचारविनिमय करावा लागतो. काही बाबींत मुख्यतः तिच्या सल्ल्यावरच विसंबावे लागते. नव्या विश्वस्तांची पहिली ठेच बहुधा येथेच लागते.

सभा लोकांसमोर घ्याव्या लागतात. १९५३ च्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार नियमित सभेची कार्यसूची निदान ७२ तास आधी प्रसिद्ध करावी लागते, कार्यसूचीत नसलेल्या विषयावर सहसा निर्णय घेता येत नाही, आणि उपस्थित नागरिकांना बोलण्याची संधी द्यावी लागते. सातांपैकी चार विश्वस्तांनी चहाच्या टेबलावर महाविद्यालयाचा एखादा प्रश्न आपसांत निकालात काढणे हा या कायद्याचा भंग ठरतो. बंद दाराआड फक्त नेमणुका, वाटाघाटी, न्यायालयीन दावे असे थोडके विषय चालतात. आपल्या ग्रामसभेच्या तरतुदीशी हिची तुलना करण्याजोगी आहे. फरक असा की, येथे नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यास कोर्टाची वाट धरणारे नागरिक बरेच निघतात.

घरपट्टी आणि रोखे

१९७८ पूर्वी या महाविद्यालयांचा मोठा आधार स्थानिक मालमत्ता कर हाच होता. त्या वर्षी जूनमध्ये मतदारांनी राज्यघटना दुरुस्त करून मालमत्ता करावर एक टक्क्याची मर्यादा घातली. कर वाढविण्याचा स्थानिक मंडळांचा अधिकार गेला आणि महाविद्यालये राज्याच्या तिजोरीवर अवलंबून राहू लागली. मंडळ लोकनियुक्तच राहिले, पण उत्पन्नाच्या किल्ल्या राजधानीत गेल्या. आपल्या जिल्हा परिषदांच्या सदस्यांना ही स्थिती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एक दार मात्र उघडे राहिले, ते इमारतींसाठी रोखे काढण्याचे. त्याला मतदारांची संमती लागते. पूर्वी दोन-तृतीयांश मते लागत. २००० सालापासून, काही अटी पाळल्यास, ५५ टक्के पुरतात. त्या अटींत दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि नागरिकांची देखरेख समिती यांचा समावेश आहे. लॉस एंजेलिस जिल्ह्याने २००१, २००३ व २००८ या तीन वेळा मिळून ५.७ अब्ज डॉलरांच्या रोख्यांस मतदारांची मंजुरी मिळविली. २०११ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकाने या बांधकामांवर लेखमाला प्रसिद्ध करून सदोष बांधकामे, फसलेले बेत व उधळपट्टी उजेडात आणली. देखरेख समिती होती, लेखापरीक्षणही होत होते. इतक्या मोठ्या कामाचे कागद वाचून प्रश्न विचारण्याचे काम मात्र शेवटी महिन्यातून एकदोनदा भरणाऱ्या, अल्प मानधनावरच्या सात विश्वस्तांवरच येऊन पडत होते. त्यानंतरही २०१६ व २०२२ मध्ये मतदारांनी आणखी रोख्यांस मंजुरी दिली, हे सांगणे प्राप्त आहे; महाविद्यालयांवरील लोकांची माया अशा प्रकरणांनी आटलेली दिसत नाही.

मंडळ होते, अधिकार नव्हते

लोकनियुक्त मंडळाने कर्तव्यात कसूर केली तर काय होते, याचे ठळक उदाहरण सॅन फ्रान्सिस्को शहराने पाहिले. तेथील सिटी कॉलेज १९३५ चे. २०१२ च्या सुमारास त्यात ऐंशी हजारांवर विद्यार्थी शिकत होते. अमेरिकेत महाविद्यालयाला दर्जामान्यता देणारे प्रादेशिक आयोग असतात. आपल्याकडील ‘नॅक’शी त्यांची ढोबळ तुलना करता येईल. फरक असा की, तेथे मान्यता गेली तर केंद्र शासनाची विद्यार्थी मदत बंद होते व महाविद्यालयाला टाळे लागण्याचीच वेळ येते.

जुलै २०१२ मध्ये आयोगाने सिटी कॉलेजला मान्यता का काढून घेऊ नये अशी विचारणा केली. वर्गातील अध्यापन हा आक्षेपांचा मुख्य विषय नव्हता. राखीव निधी तुटपुंजा, आर्थिक नियोजन कच्चे, प्रशासनाची रचना विस्कळीत आणि मंडळाचा कारभार सदोष, असा एकूण रोख होता. मंदीच्या वर्षांत राज्याचे अनुदान घटले असता या महाविद्यालयाने वर्ग व माणसे शक्य तितकी राखण्याचे धोरण ठेवले होते. गरीब विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते योग्य होते असे मानणारे शहरात पुष्कळ होते आणि आजही आहेत. परंतु त्या धोरणाचा हिशेब पुढील वर्षांच्या ताळेबंदात कसा बसणार, हे पाहणे मंडळाचे काम होते.

जुलै २०१३ मध्ये आयोगाने, एक वर्षानंतर मान्यता संपुष्टात येईल असे जाहीर केले. त्याच महिन्यात राज्यस्तरीय मंडळाने विशेष अधिकार असलेला एकच विश्वस्त नेमला आणि मतदारांनी निवडलेल्या सात विश्वस्तांचे अधिकार गोठविले. आपल्याकडे संस्थेवर प्रशासक नेमतात, तसाच हा प्रकार. सभा थांबल्या, आणि जिच्याविरुद्ध नागरिक उभे राहून बोलत असत ती जागाच रिकामी झाली. मान्यतेच्या अनिश्चिततेमुळे हजारो विद्यार्थ्यांनी दुसरी वाट धरली. विद्यार्थी घटल्याने अनुदानाचा प्रश्न आणखी बिकट झाला.

शहराच्या सरकारी वकिलाने आयोगाविरुद्ध दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने मान्यता काढण्यास स्थगिती दिली. जानेवारी २०१५ मधील निकालात, आयोगाने काही आक्षेपांवर महाविद्यालयास बाजू मांडण्याची पुरेशी संधी न देता कायद्याचा भंग केला, असे ठरले. म्हणजे परीक्षकाचेही चुकले होते. यामुळे मंडळाच्या मूळ दोषांचे क्षालन झाले असे म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

या प्रकरणातील एक तपशील विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. अधिकार गोठलेले असतानाच नोव्हेंबर २०१४ मध्ये या मंडळाच्या निवडणुका ठरल्या वेळी झाल्या. उमेदवारांनी अर्ज भरले, निवेदने छापली, वर्गण्या गोळा केल्या. ज्या मंडळाला त्या घडीला एक कंत्राटही मंजूर करता येत नव्हते त्यात जाण्यासाठी त्यांनी शहरभर सभा घेतल्या आणि मतदारांनी त्यांना मते दिली. २०१५ च्या जुलैपर्यंत अधिकार टप्प्याटप्प्याने मंडळाकडे परत आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी महागड्या मालमत्तांच्या हस्तांतरणावरील कर वाढविण्यास संमती दिली, जानेवारी २०१७ मध्ये महाविद्यालयाची मान्यता सात वर्षांसाठी कायम झाली, आणि त्याच वर्षीच्या शरदऋतूपासून शहरातील रहिवाशांना तेथील शिक्षण शुल्कमुक्त मिळू लागले.

लॉस एंजेलिसजवळील कॉम्प्टन येथील महाविद्यालयाला एवढेही जमले नाही. वस्ती गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय व लॅटिन वंशीयांची. आर्थिक अव्यवस्थेमुळे २००४ मध्ये राज्याने तेथे विशेष विश्वस्त नेमला. २००६ मध्ये मान्यता गेली. विधिमंडळाने कर्ज दिले आणि शेजारच्या एल कॅमिनो महाविद्यालयाने कॉम्प्टनचे वर्ग आपले केंद्र म्हणून चालविले, म्हणून दारे बंद झाली नाहीत. त्या काळात तेथील मतदारांनी निवडलेले विश्वस्त सल्लागारासारखे बसत. प्रवेश घेणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर शेजारच्या महाविद्यालयाचे नाव येई. जून २०१७ मध्ये कॉम्प्टनला स्वतःची मान्यता पुन्हा मिळाली आणि २०१९ मध्ये एल कॅमिनोशी झालेला करार संपून महाविद्यालय पुन्हा आपल्या नावाने, आपल्या मंडळाखाली चालू लागले. मान्यता गेल्यापासून या घडीपर्यंत तेरा वर्षे गेली होती.